उत्तर: इंदूरला घर आणि शिकवणीसाठी प्रिंटर, इंकटँक की लेसर?

शिकवणीच्या नोट्स आणि मुलांचे प्रोजेक्ट यांसाठी कोणता प्रिंटर घ्यावा, या तुमच्या प्रश्नावर वर एका उत्तरात "डोळे झाकून लेसर घ्या" असा सल्ला आला आहे. शिकवणीच्या काळ्या नोट्सपुरता तो बरोबरच आहे. पण मुलांच्या प्रोजेक्टसाठी रंगीत पानंही हवीत म्हणता, तिथे गणित बदलतं.

खरा प्रश्न महिन्याला किती पानं हा नाही, दोन प्रिंटमध्ये किती दिवस जातात हा आहे. इंदुरात एप्रिल-मेची कोरडी हवा, त्यात शाळेला सुट्टी. इंकटँक (टाकीत बाटलीने शाई भरायचा प्रिंटर) महिनाभर पडून राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको, नाहीतर हेड (नोझल असलेला भाग) झाकणाखाली जात नाही. रेघा आल्याच तर प्रिंटरच्या मेनूतलं हेड क्लीनिंग लागोपाठ दोन-तीनदाच करा. पुढे नुसती शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते.

लेसरचा टोनर म्हणजे कोरडी पूड, सुकायचा प्रश्नच नाही. मात्र फ्यूजर (टोनर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग) साधारण 200 अंशांपर्यंत तापतो आणि तापताना एकदम भार ओढतो, म्हणून कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपरही त्यात घालू नका, त्याचा थर वितळून रोलरला चिकटतो. पावसाळ्यात कागद दमट झाला की लेसरमध्ये पानं वळतात, अडकतात. रिम बंद पिशवीत ठेवा.

टोनरवर लिहिलेली 1500 पानं 5 टक्के कव्हरेजची, म्हणजे पानाचा जेमतेम 5 टक्के भाग छापला जाईल असं धरून, असतात. आकृत्यांच्या नोट्सना तेवढी निघणार नाहीत.

म्हणून तुम्हाला फक्त काळं छापणारा लेसर घ्या म्हणेन, रंगीत पानं दुकानातून काढून आणा.