इंग्रजीत राहत्या घराला काय म्हणावे : ‘होम’ की ‘रेसिडेन्स’?

अमळनेर, इंग्रजीचे शिक्षक : दहावीच्या निबंधांत ‘माय रेसिडेन्स इज व्हेरी ब्युटिफुल’ अशी वाक्ये मला वारंवार आढळतात, कारण शब्द जितका भारदस्त तितके इंग्रजी चांगले, असा मुलांचा समज झाला आहे. ‘हाउस’ आणि ‘होम’ हे जुन्या इंग्रजीपासून चालत आलेले रोजचे शब्द आहेत. ‘रेसिडेन्स’ मूळचा लॅटिन असून तो फ्रेंचमार्गे आला. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील कायद्याचा व्यवहार दीर्घकाळ फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालल्यामुळे असे शब्द कागदोपत्री रुजले. ‘अबोड’ हा शब्द तर साध्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. शाळेने साधे शब्द पक्के करावेत. औपचारिक शब्द महाविद्यालयात शिकता येतील.

शहादा, सेवा केंद्रचालक : मला हे मुळीच मान्य नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत जातात; त्यांचे घर सातपुड्यात असते आणि वर्षातील कित्येक महिने मुक्काम दुसरीकडे. अर्जात ‘परमनंट ॲड्रेस’ आणि ‘प्रेझेंट ॲड्रेस’ असे दोन रकाने असतात, तेथे ‘होम’ या एका शब्दाने भागत नाही. शिवाय प्रवेशासाठी डोमिसाइलचा दाखला महाविद्यालयात पाऊल ठेवण्याआधीच लागतो. प्रत्यक्ष राहणे म्हणजे ‘रेसिडेन्स’, आणि कायम राहण्याच्या इराद्याने राहणे म्हणजे ‘डोमिसाइल’, हा भेद मुलांना तोपर्यंत कळलेला असला पाहिजे.

जळगाव, वकील : भेद बरोबर आहे, परंतु औपचारिक शब्द नेहमी काटेकोरच वापरला जातो, असे समजू नये. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये स्पष्ट केले की भारतीय नागरिकाचे डोमिसाइल एकच, ते भारताचे. राज्याचे वेगळे डोमिसाइल नसते. राज्यांच्या नियमांत तो शब्द बहुधा कायम वास्तव्य एवढ्याच अर्थाने येतो.

अमळनेर, इंग्रजीचे शिक्षक : अर्जातला शब्द ओळखता येणे आणि निबंधात तो वापरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नववीत कोरा अर्ज समोर ठेवून हे शब्द शिकवावेत, याला माझी संमती आहे. मात्र स्वतःच्या घराविषयी लिहिताना मुलांनी ‘होम’ आणि ‘लिव्ह’ हेच शब्द वापरावेत, हा आग्रह मी सोडणार नाही.

शहादा, सेवा केंद्रचालक : निबंधाचे आपण ठरवावे. अर्ज मात्र सातवीतच शिकवा. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील बरीच मुले नववीपर्यंत वर्गात राहत नाहीत.