सरासरी करंट बरोबर, तरी बीकन लवकर का मरतो?

ब्लूटूथ बीकन (ठरावीक वेळाने छोटा रेडिओ संदेश पाठवणारं उपकरण) एका सेलवर किती चालेल, यासाठी वर कोणीतरी सेलची क्षमता २२० एमएएच भागिले सरासरी करंट १५ मायक्रोअँप असा हिशेब करून वीस महिने काढलेत. भागाकार बरोबर आहे, पण त्यात सेलचा अंतर्गत रोध धरलेलाच नाही. सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल नवा असताना रोध दहा-वीस ओहम असतो. सेल संपत येतो तसा, आणि थंडीत तर जास्तच, तो शंभरावर जातो. बीकनमधली एनआरएफ५२८३२ ही ब्लूटूथ चिप अधिक ४ डीबीएम इतक्या शक्तीने संदेश पाठवताना, करंट वाचवणारा तिच्यातला डीसी-डीसी कन्व्हर्टर चालू असूनही, साधारण ७.५ मिलिअँप ओढते. म्हणजे शंभर ओहमवर पाऊण व्होल्टचा खड्डा. सेल २.४ व्होल्टवर आला की पाठवण्याच्या त्या क्षणी चिपला १.६५ मिळतात, तिला किमान १.७ लागतात. ती रीसेट होते, पुन्हा सुरू होताना आणखी करंट खाते, आणि हे चक्र उरलेला सेलही संपवतं. मल्टिमीटरवर मात्र सेल ठणठणीत दिसतो!

सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, म्हणजे पाठवतानाचा करंट तो पुरवेल. तो १० व्होल्ट रेटिंगचा घ्या, ६.३ वाल्याची क्षमता ३ व्होल्टलाच बरीच घटते. साधा इलेक्ट्रोलिटिक नकोच, त्याची गळती चिपच्या झोपेतल्या करंटपेक्षा जास्त भरू शकते. शिवाय कनेक्शन लागत नसेल तर जाहिरात (बीकन सगळ्यांसाठी पाठवतो ती पॅकेट्स) नॉन-कनेक्टेबल, म्हणजे कोणी जोडू शकणार नाही अशी ठेवा, प्रत्येक पॅकेटनंतरचं ऐकणं वाचतं.