साम्राज्य संपत आलंय हे तुम्हाला कुठं जाणवलं? स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळलेल्या सोलापूरकरांसाठी अनुभव धागा

सात_रस्ता
मंडळी, आमच्या जुन्या कॅफेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, लीजन (साम्राज्याची फौज) की स्टॉर्मक्लोक (तिच्याविरुद्ध उठलेले बंडखोर). तो इथं नको, त्याला अंत नाही बे. मला वेगळं विचारायचंय. गेम येऊन (११ नोव्हेंबर २०११) इतकी वर्षं झाली तरी लोक खेळायलेत, आणि ते साम्राज्य मोडकळीला आलंय हे प्रत्येकाला वेगळ्याच ठिकाणी कळलेलं असतं. तुमचं ठिकाण कुठलं?

माझं फोर्ट ग्रेमूर. व्हाइटरन शहराच्या पश्चिमेला चांगला दगडी किल्ला, आणि आत कोण तर दरोडेखोर! आपण एकट्यानं मरमर करून साफ करायचा आणि नंतर कधी तिकडून गेलं की शिपाई आत येऊन निवांत बसलेले. लढलं कोण आणि बसलं कोण. हेल्गन गावाचंही तेच, ड्रॅगननं जाळल्यावर तिथं सरकार परत येतच नाही, थोड्या दिवसांनी दरोडेखोरच येतात. शाळेत पेंढारी वाचले होते तेव्हा परीक्षेपुरते वाचले, इथं ते प्रकरण नीट समजलं.

शेंगाचटणी
मी जुळे सोलापूरची, भावाच्या पीसीवर खेळायचे, तो झोपला की. तर एकदा रस्त्यानं चाललेय आणि समोरून थालमोरांची (एल्फांच्या डोमिनियन राज्याच्या माणसांची) टोळी एका नॉर्ड, म्हणजे इथल्याच, माणसाला बांधून नेतेय. विचारलं तर म्हणे टॅलोसची पूजा केली. आता टॅलोस कोण, तर टायबर सेप्टिम, ज्यानं हे साम्राज्य उभं केलं तोच माणूस, पुढं देव मानला गेलेला. म्हणजे संस्थापकालाच हात जोडले तर गुन्हा, आणि पकडायला परदेशी एल्फ आपल्या रस्त्यावर मोकळे फिरतायत आणि लीजन गप्प. माझं डोकंच फिरलं, तिथल्या तिथं सगळ्यांना आडवं केलं. आणि दुसरीकडं व्हाइटरनच्या चौकात तो हाइम्स्कर दिवसभर टॅलोसच्या नावानं बोंबलतो, त्याला कुणी हात लावत नाही. कायदा कुठं लागू आणि कुठं नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, हे बघून मला सगळ्यात जास्त कळलं.

भुईकोट_भटक्या
माझं जरा लांबण लागेल, आधीच सांगतो. मला ते नाण्यावरून कळलं. सेप्टिम घराणं तिसऱ्या युगाच्या ४३३ सालात मार्टिनबरोबर संपलं, स्कायरिम घडतं चौथ्या युगाच्या २०१ मध्ये, मधे दोनशे वर्षं गेली, गादीवर मीड घराणं आलं, तरी खिशात नाणं कुठलं तर सेप्टिमच. आपल्याकडं मुघल बादशाह शाह आलम १८०६ ला गेला तरी कंपनीच्या रुपयावर त्याचं नाव १८३५ पर्यंत चालू होतं, आणि तो जिवंत असतानासुद्धा सत्ता काय होती, १७८८ ला गुलाम कादिरनं डोळे काढले आणि परत गादीवर बसवायला महादजी शिंदे लागले. शिक्का चालतो म्हणजे राज्य चालतं असं काही नाही.

साम्राज्याचा डोमिनियनबरोबरचा तहसुद्धा बघा. चौथ्या युगाच्या १७१ मध्ये डोमिनियनचा वकील अटी घेऊन आला आणि बरोबर गाडीभर मुंडकी, ब्लेड्स या राजाच्या गुप्त संघटनेच्या हेरांची. राजा टायटस मीडनं अटी धुडकावल्या. १७४ ला राजधानी गेली, १७५ ला त्यानं ती रेड रिंगच्या लढाईत परत जिंकली, आणि जिंकून सही केली ती जवळजवळ त्याच अटींवर! टॅलोस बंद, ब्लेड्स बरखास्त, हॅमरफेल प्रांताचा दक्षिण भाग देऊन टाका. आणि पुढं आपण हाय ऱ्होथगारच्या मठात लीजन आणि स्टॉर्मक्लोकच्या तहाला बसतो तेव्हा मार्कार्थ तुम्ही घ्या रिफ्टन आम्ही घेतो, तिथल्या माणसांना विचारतंय कोण. चांदबीबीच्या लग्नात निजामशाहीनं सोलापूरचा किल्ला आदिलशाहीला आंदण दिला तेव्हा इथल्यांना तरी कुणी विचारलं असेल.

कडक_भाकरी
मास्तर, परत तास सुरू केला का बे 😂 पण नाण्याचं पटलं.

नवी_पेठ_नाइट_शिफ्ट
पुढं स्पॉयलर आहे, नंतर बोंबलू नका.
डार्क ब्रदरहूड, म्हणजे सुपारी घेऊन मारणारी टोळी. राजाला मारायची सुपारी येते आणि देणारा कोण तर एल्डर कौन्सिलातलाच (साम्राज्याच्या मंडळातलाच) मोटियेर. आधी सॉलिट्यूडला जो मेला तो डुप्लिकेट निघतो, मग खरा टायटस मीड काटारिया जहाजावर. मी पूर्ण तयारीत, पोशन वगैरे पिऊन, आणि आत गेलो तर म्हातारा शांत बसलेला, पळत नाही, शिपायांना हाक मारत नाही, हे होणारच होतं म्हणतो. वर एक विनंती करतो, ज्यानं सुपारी दिली त्यालाही संपव. नेमकी तेव्हाच आमच्याकडं लाइट गेली (तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं), सेव्ह गेला, सगळं जहाज परत. पण सांगायचं हे की बक्षीस २०,००० सेप्टिम आणि राजा मेल्यावर लीजनच्या सेनापतीची, टुलियसची, मोहीम होती तशी चालू. पहारेकरी जरा कुजबुजतात, बस्स. राजा मेल्यानं काहीच अडत नसेल तर मग राहिलं काय.

मिलवाला_नातू
आजोबा मिलमध्ये होते, वडलांनी मिल बंद पडताना बघितलीय. एकदा मी खेळताना बाबा मागं उभे, टुलियस सांगत होता की बंड मोडलं की सगळं सुरळीत होईल. बाबा म्हणाले, आमचे साहेबपण असंच सांगायचे, सध्या तात्पुरती अडचण आहे, आणि रोज एक खातं कमी व्हायचं. मग म्हणाले हा माणूस वाईट नाही रे, पण त्याला वरून काही येणार नाहीये. खरंच, टुलियसला पूर्ण गेमभर वरून कुमक येताना मी तरी बघितली नाही.

शेंगाचटणी
बाबांना अकाउंट काढून द्या इथं, आपल्यापेक्षा बरं लिहितील.

होटगी_रोड
थालमोरांच्या एम्बसीतली उल्फ्रिकची (स्टॉर्मक्लोकच्या म्होरक्याची) फाइल कुणीच कशी काढली नाही? थालमोरांना त्याला जिंकवायचं पण नाही आणि हरवायचं पण नाही, लढाई लांबली पाहिजे एवढंच. म्हणून साम्राज्य सडलंय म्हणून स्टॉर्मक्लोक घेणाऱ्यांनो, तुम्हीपण त्यांच्याच कामाला लागलाय.

कडक_भाकरी
आणि हॅमरफेल? साम्राज्यानं हात वर केले, प्रांत म्हणून सोडून दिलं, तरी तिथले रेडगार्ड लोक एकटे लढले आणि १८० मध्ये डोमिनियनला परत जावं लागलं. त्यांना कुठल्या राजाची गरज पडली?

होटगी_रोड
ते लढले त्यांच्या वाळवंटात. इथं प्रत्येक यार्ल (सरदार) दुसऱ्याच्या वाईटावर, काय डोंबल एकटे लढणार. मी लीजनच घेणार. पण एम्बसीच्या पार्टीला गेलो की थालमोरांच्या वकिलीणबाई एलेनवेनची गाठ आधी घेणार, गेम मारू देत नसेल तरी प्रयत्न करणार.