वेताळाचं लग्न झालंच होतं की

लग्न झालं की सुपरहिरोतली मजा जाते, हे अनेकदा ऐकू येणारं मत मला नाही पटलं. मजा जाते ती लग्न मोडायला लेखक ज्या कोलांट्या मारतात त्यानं. स्पायडरमॅनचंच बघा. १९८७ साली पीटर (म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडरमॅन) आणि त्याची प्रेयसी मेरी जेनचं थाटात लग्न लावलं, वीस वर्षं संसार चालवला, आणि २००७ च्या कथेत गोळी लागलेल्या पीटरच्या मे काकूला वाचवण्यासाठी सैतानाशी सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरवून टाकलं. साधा घटस्फोट का नाही, तर घटस्फोटित हिरो थोराड दिसतो म्हणे. आणि सैतानाशी सौदा करणारा दिसत नाही?

उलट इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ, म्हणजे जंगलातला मुखवटेवाला फँटम घ्या. १९७७ साली डायनाशी लग्न, दोन वर्षांनी जुळी मुलं, किट आणि हेलॉइज. डायनाची संयुक्त राष्ट्रांतली नोकरी, याची जंगलातली गस्त, सगळं चालूच राहिलं. मुळात हा एकविसावा वेताळ. बाप मेला की मुलानं मुखवटा चढवायचा, कवटीच्या गुहेतल्या वह्यांत पुढची पानं लिहायची. म्हणून तर लोकांना तो अमर वाटतो. त्याचं लग्नच झालं नसतं तर बाविसावा आणणार कुठून?

वयाचं मात्र तिथेही गौडबंगालच आहे. एवढ्या वर्षांत त्या जुळ्यांची शाळा काही संपत नाही, आणि वेताळाच्या अंगावर सुटलेलं पोट अजून कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.