मदत हवी आहे: साईन-अप फॉर्म एकदा अडला की परत सुटतच नाही

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय, प्लीज कुणीतरी बघा.

साईन-अपचा फॉर्म करतोय, नाव, ईमेल, पासवर्ड आणि पासवर्ड पुन्हा एकदा. बाहेरची तयार लायब्ररी नको म्हणून ब्राउझरचंच व्हॅलिडेशन (भरलेलं तपासणं) घेतलं, रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं), टाईप ईमेल, मिनलेंग्थ ८ (किमान आठ अक्षरं) एवढंच लिहिलं तर फिल्ड रिकामं असलं की ब्राउझर आपणहून तिथे नेऊन मेसेज दाखवतो, खूप आवडलं मला हे.

घोळ होतोय तो दोन पासवर्ड जुळवताना. त्याला रिक्वायर्डसारखं तयार अ‍ॅट्रिब्यूट नाही, म्हणून सबमिट इव्हेंटमध्ये (फॉर्म पाठवताना चालणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही तपासतो, वेगळे असले तर दुसऱ्या फिल्डला सेटकस्टमव्हॅलिडिटीने (फिल्ड नापास करून आपला मेसेज लावणारं फंक्शन) 'पासवर्ड जुळत नाहीत' लावतो, तो दाखवायला रिपोर्टव्हॅलिडिटी बोलावतो आणि सबमिट थांबवतो, सारखे असले तर मेसेज काढायला त्यालाच रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) देतो. पहिल्यांदा चुकलं की मेसेज बरोबर येतो पण नंतर पासवर्ड नीट टाकला तरी तोच मेसेज, रिफ्रेश केल्याशिवाय सुटका नाही! कन्सोललॉग (कोड तिथवर पोचला का ते दाखवणारी ओळ) टाकून बघितलं तर दुसऱ्या वेळी सबमिटचा कोड चालतच नाहीये. मग वैतागून बटणाच्या क्लिकवर फॉर्मचं सबमिट फंक्शन बोलावलं तर ईमेल रिकामा असूनही फॉर्म गेला. काय चुकतंय?

प्रतिसाद:
रिकामी स्ट्रिंग देताय ते बरोबर आहे, जागा चुकलीये. ब्राउझर आधी सगळी फिल्डं तपासतो आणि ती पास झाली तरच सबमिट इव्हेंट येतो. तुम्ही लावलेला मेसेज काढेपर्यंत ते फिल्ड नापासच राहणार, आणि तो काढणारा कोड तुम्ही नेमका सबमिटमध्ये ठेवलाय, तिथवर गाडी पोचणारच नाही. तपासणी इनपुट इव्हेंटवर (फिल्डमध्ये टाईप करताना दर वेळी येतो तो) न्या, आणि दोन्ही पासवर्डांच्या हं, कारण माणूस वरचा पासवर्डही दुरुस्त करू शकतो.

ते सबमिट फंक्शन काढाच, ते व्हॅलिडेशन करतच नाही. कोडमधूनच पाठवायचं असेल तर रिक्वेस्टसबमिट वापरा, ते आधी तपासतं. आणि हे सगळं भरणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, रिक्वायर्ड कुणीही ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून (पेजचा कोड बघायची-बदलायची साधनं) काढून टाकू शकतो, तेव्हा सर्व्हरवर पुन्हा तपासा. टाईप ईमेलला 'ए अ‍ॅट बी' एवढंसुद्धा चालतं, डॉट लागत नाही, त्यामुळे पत्ता खरा आहे का हे कन्फर्मेशन मेल पाठवूनच कळेल.

धागाकर्ता:
चाललं!! दोन्ही फिल्डांना इनपुट लावला आणि सुटलं, मनापासून आभार. अजून एक विचारू का, सीएसएसमध्ये (पेजचं दिसणं ठरवणारा कोड) इनव्हॅलिडला, म्हणजे नापास फिल्डांना, लाल बॉर्डर दिलीये तर पेज उघडल्या उघडल्या सगळी फिल्डं लाल दिसतात, अजून एक अक्षर टाईप केलेलं नसताना. माणूस घाबरेल ना.

प्रतिसाद:
सीएसएसमध्ये इनव्हॅलिडच्या जागी यूजर-इनव्हॅलिड लिहा. भरणारा फिल्डमध्ये काही बदलून पुढे गेल्यावर किंवा सबमिट दाबल्यावरच लाल होईल.