मदत हवी आहे: गिंपमध्ये रॉ फोटो उघडत नाहीत

नमस्कार मंडळी. उबुंटू 24.04 (लिनक्स) वर गिंप हे फोटो एडिटर फ्लॅटपॅकमधून (ॲप टाकायची एक वेगळी पद्धत) टाकलंय, रॉ फोटोंवर काम करणारं डार्कटेबल मात्र एपीटीने (उबुंटूची नेहमीची पद्धत). वारीचे सीआर3 फोटो (कॅननच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइली) डार्कटेबलमध्ये झकास उघडतात, टाळकऱ्यांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा स्पष्ट दिसतो. तीच फाइल गिंपमध्ये ओढली की रॉ लोडर (रॉ फाइल उघडून देणारा प्रोग्रॅम) सापडत नसल्याचा संदेश येतो. गिंप स्वतः रॉ वाचत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी या तशाच ॲपकडून काम करून घेतं, हे ठाऊक आहे. त्यासाठी लागणारी लुआ ही स्क्रिप्ट भाषा डार्कटेबलमध्ये चालू आहे, तेही तपासलं. मला संशय फ्लॅटपॅकच्या सँडबॉक्सचा (ॲपला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्याचा): बाहेरचं डार्कटेबल गिंपला दिसतच नसावं. मग परवानगी देऊन हे जमेल, की गिंपही एपीटीनेच टाकू? दर फोटोची डार्कटेबलमधून 16 बिट टिफ (मोठी इमेज फाइल) काढणं नको वाटतं, डिस्क भराभर भरते. कुणी हे जुळवलं असेल तर नेमकी कमांड द्या, प्लीज.