संगीतकाराचे स्वतःचे वादन हे स्वरलेखनाच्या छापील प्रतीहून वरचे प्रमाण मानावे काय?

मूळ मत

फ्रेंच संगीतकार क्लोद दबुसी यांची ‘बुडालेले कॅथेड्रल’ ही पियानोरचना १९१० साली छापली गेली आणि पुढे कित्येक वादक ती प्रतीबरहुकूम वाजवत आले. परंतु १९१३ च्या सुमारास दबुसींनी वेल्टे-मिन्यॉन या, वादन छिद्रांच्या रूपात टिपून पियानोवर पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राच्या कागदी रोलसाठी ती स्वतः वाजवली, तेव्हा तिच्यातले काही मोठे भाग त्यांनी चक्क दुगुनीत घेतले. प्रतीत तशी स्पष्ट सूचना नाही. आरंभी दोन तालांचे आकडे तेवढे बरोबरीचे चिन्ह घालून मांडलेले आहेत. त्यांच्या लयीत ऐकले की कॅथेड्रल पाण्यातून वर येते तो भाग रेंगाळत नाही, एका दमात उभा राहतो. असे वादन हाती असताना छापील कागदालाच चिकटून राहणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : असहमत

रोल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. कोणती पट्टी केव्हा दाबली आणि केव्हा सोडली हे छिद्रांवरून कळते, पण आपण ऐकतो तो आवाज दुसऱ्याच पियानोचा, हवेच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रातून आलेला असतो. त्या यंत्रात आघाताचा जोर खालच्या आणि वरच्या सप्तकांसाठी असा दोनच भागांत वेगळा राखता येई. त्यामुळे एकत्र वाजणाऱ्या स्वरांपैकी मधला एखादा किंचित उचलून धरणे, जो दबुसींच्या संगीताचा प्राण आहे, ते त्यात नीट उतरत नाही. शिवाय रोल फिरवण्याच्या वेगावर लय बदलते.

खऱ्या तबकड्यांचे पाहू. रशियन संगीतकार आणि पियानोवादक सर्गेई राखमानिनॉव्ह यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) १९३९-४० मध्ये संचालक युजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा यांच्यासह मुद्रित केला, तेव्हा त्यातले काही भाग त्यांनीच गाळले. आजचे बहुतेक वादक ते भाग वाजवतात. मग ते सारे चुकतात काय?

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

स्पर्शाविषयीचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लयीविषयीचा मात्र नाही, कारण रोल हळू फिरवा की जलद, एका भागाचे दुसऱ्या भागाशी असलेले प्रमाण तेच राहते. आणि माझा सारा आधार त्या प्रमाणावरच आहे. राखमानिनॉव्ह यांनी काय गाळले हा त्या प्रसंगापुरता निर्णय मानता येईल, पण जे वाजवले ते कसे वाजवले, हे तर त्या तबकड्या सांगतातच.

आणखी एक प्रतिसाद

मला ‘प्रमाण’ हा शब्दच खटकतो. नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी १९०३ मध्ये पॅरिसला आपल्या छोट्या रचना तबकड्यांसाठी वाजवल्या, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते, प्रकृती नाजूक होती आणि तबकडीच्या एका बाजूवर काही मिनिटांचेच वादन मावत होते. अब्दुल करीम खाँ यांचा ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत ऐकणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको; त्या तबकडीवरून बैठकीतल्या विस्ताराचे माप कोणी काढत नाही. तरीही खरखरीच्या आडून ग्रीग यांची लय जशी उसळते, तशी आजच्या स्वच्छ मुद्रणांत मला क्वचितच सापडते. त्यांची नक्कल करावी असे मी विद्यार्थ्याला सांगणार नाही. पण प्रतीतली एखादी ओळ किती मोकळी सोडता येते हे ठरवण्याआधी त्याने त्या तबकड्या ऐकलेल्या असाव्यात, असा आग्रह मात्र नक्की धरीन.